शाई स्वस्त, डबी महाग

आजचा विषय प्रिंटरची शाई. फॉर्म, हॉल तिकीट, प्रोजेक्ट, सगळं प्रिंट करताना खिशाला लागणारी. पण ती एवढी महाग का, हे समजायला जरा मागं जावं लागेल.

आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. बोरूनं लिहिलेली काळी शाई आजही वाचता येते. जुनी शाई काय होती? काजळी, डिंक आणि पाणी. काजळी म्हणजे कार्बन, तो सहजासहजी फिका पडत नाही. आणि दौत रिकामी झाली की पुन्हा भरायची, बस्स.

1931 साली मुंबईत दिगंबर दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. छाप घोड्याची. हीच पुढं कॅमलिन झाली. वडी पाण्यात विरघळवली की शाई तयार. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजायचं फक्त शाईचे. दौतही त्याचीच, पाणीही त्याचंच. हे लक्षात ठेवा.

आता चला जपानला, 1977 मध्ये. कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्यासमोर तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला लागलं आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेनं बुडबुडा होतो, तो थेंबाला बाहेर ढकलतो. इंकजेटची एक मोठी शाखा या बुडबुड्यावर उभी आहे. तिकडं अमेरिकेत एचपीही याच तंत्रावर काम करत होती. 1984 ला त्यांचा थिंकजेट आला. त्यात शाई आणि ती फवारणारं हेड एकाच डबीत. शाई संपली की डबी फेका, नवी घ्या.

यात सोय होती, खोटं कशाला बोला. नवी डबी म्हणजे नवं हेड, तुंबण्याची कटकट नाही. पण धंद्यालाही वाट सापडली: प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि कमाई डबीवर करायची. रेझर एकदा, ब्लेड जन्मभर!

आता आपलं गाव उद्यमनगरचं. इंजिनचा पार्ट मिळाला नाही तर ओतून घेणारी माणसं आपण, डबी कशी फेकणार? सिरिंजनं भरायची. मी स्वतः भरलीय. आत स्पंज असतो, शाई हळूहळू सोडावी लागते. जास्त झाली की गळते, रंग एकमेकांत मिसळतात. हवा अडकली की पानावर पांढऱ्या रेघा. महिनाभर प्रिंट काढली नाही तर हेड सुकतं, मग क्लीनिंग करताना निम्मी शाई तीच पिते. एवढं करूनही काही डब्यांवरची चिप म्हणते, 'रिकामी'. ती शाई बघतच नाही, छापलेल्याचा हिशोब ठेवते.

मग प्रश्न येतो: विकत घेतलेली डबी नक्की कुणाची? लेझर प्रिंटरच्या टोनरवरून हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लेक्समार्क कंपनी एका बाजूला, रिकामे टोनर भरून विकणारी छोटी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स दुसऱ्या बाजूला. 2017 मध्ये निकाल लागला: वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. छोटी कंपनी जिंकली. पण निकालानं चिप काही निघाली नाही.

बदल आला तो बाजारातून. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडत होते. एपसननं तेच हेरलं आणि 2010 मध्ये तिथंच टाकीवाला प्रिंटर काढला. पुढं तो भारतातही आला. आज बाटलीनं शाई ओतता, ती याच जुगाडामुळं. म्हणजे फिरून आपण दौतीवरच आलो की!

म्हणून प्रिंटर घेताना दुकानात किंमत नंतर विचारा. आधी दोन गोष्टी विचारा: एका पानाला किती पडतं, आणि शाई मी स्वतः भरू शकतो का?

तुमच्या घरी कुणी शाईच्या वड्या वापरल्या असतील तर त्यांना बोलतं करा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!