आकाशातली वाट, वऱ्हाडातल्या खुणा

जमिनीवर वाट चुकली तर माणूस थांबतो, पानठेल्यावर चौकशी करतो आणि पुढे निघतो. विमानाला ही सोय नाही. ते आकाशात उभे राहू शकत नाही. म्हणून वैमानिकाला उड्डाणापूर्वीच, नकाशा पुढे घेऊन, दोन प्रश्नांची उत्तरे काढावी लागतात. मी कोठे आहे? आणि जेथे जायचे ते ठिकाण कोणत्या दिशेला, किती अंतरावर आहे? या शास्त्राला एअर नॅव्हिगेशन, म्हणजे हवाई मार्गनिर्देशन, असे म्हणतात. आपल्या घरात या विषयाचे नाव निघाले की “ते मोठ्या लोकांचे काम” असे म्हणून पालक बोलणे संपवतात. प्रस्तुत लेख त्या पालकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी आहे.

पहिला प्रश्न विमानापेक्षा पुष्कळ जुना आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने एखाद्या शहराचे अक्षांश-रेखांश कसे काढावेत यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक कशी ठरवावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. गोल पृथ्वीवर एका गावाहून दुसऱ्या दूरच्या गावाची दिशा काढणे, हेच तर लांब पल्ल्याच्या वैमानिकाचेही गणित! त्याने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्याही काढली होती. वैमानिक दिशेच्या कोनाला आजही ‘अझिमथ’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘अस्-सुमूत’पासून आला आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १८०२ मध्ये कर्नल विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ एक पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. रीत अशी : जमिनीवर एक सरळ रेषा साखळीने काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, म्हणजे त्रिकोण पुरा होतो. त्या त्रिकोणाची बाजू धरून पुढचा त्रिकोण, आणि असे करीत शेकडो मैल उत्तरेकडे. कोन घेण्याचे थिओडोलाइट नावाचे यंत्र जवळजवळ अर्ध्या टनाचे होते. जंगल, ताप, पावसाळे सोसत ही मोजणी वीस वर्षांनी वऱ्हाडात पोचली आणि १८२२ मध्ये एलिचपूरच्या बाजूला टाकळखेडा येथे पायारेषा मोजली गेली. पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्ब्टन हिंगणघाट येथे वारला. जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे माप मांडले, त्यात आपल्या भागातून गेलेल्या या मोजणीचा आधार होता. भारताचे नकाशे दीर्घकाळ त्याच मापावर काढले गेले.

एव्हरेस्टचे नाव हिमालयाच्या शिखराला मिळाले, ते सर्वांना पाठ आहे. पण विद्यार्थीमित्रांनो, सय्यद मीर मोहसिन हुसेन हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? हे अर्काटचे गृहस्थ. मद्रासमध्ये बारीक यंत्रांची दुरुस्ती करणारे कारागीर. १८२४ मध्ये ते सर्वेक्षण खात्यात आले. ज्या यंत्रांवर सारी मोजणी अवलंबून होती त्यांची निगा व दुरुस्ती त्यांच्या हाती आली, आणि १८४३ मध्ये हेन्री बॅरो हा इंग्रज यंत्रकार गेल्यावर खात्याचे गणितयंत्रकार हे पद मोहसिन हुसेन यांना देण्यात आले. आपल्या वस्तीतल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाने हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

विमाने आली तरी अडचण तीच राहिली. १९२९ मध्ये आगाखानांनी इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान एकट्याने, एका महिन्याच्या आत उड्डाण पुरे करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले. तिघे पुढे आले : मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर. मनमोहन सिंग युरोपात वाट चुकले. त्यांच्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’. एका इंग्रज संपादकाने थट्टा केली की हे गृहस्थ बहुधा इंडिया ‘मिस’च करणार! ते पोचले, पण मुदत उलटून गेली होती. अस्पी इंजिनमधल्या प्लगसाठी इजिप्तमध्ये अडकून पडले असता समोरून येणाऱ्या टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले, तेव्हा विमानात रेडिओसुद्धा नव्हता.

रेडिओवाचून वाट कशी सापडते? त्यासाठी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून अकोल्याच्या शिवणीला जाऊन पाहू. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर भरते सुमारे ३८ सागरी मैल, म्हणजे ७० किलोमीटर. सागरी मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट, १८५२ मीटर. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात. ती येते २५९ अंश, पश्चिमेच्या थोडी दक्षिणेला. जमिनीवरच्या या रेषेला ट्रॅक म्हणतात. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, पण आपल्या भागात तो एका अंशाच्या आत आहे, तेव्हा तूर्त तो सोडून देऊ.

विमानाचा वेग ताशी ९० सागरी मैल धरा, म्हणजे ९० नॉट. उत्तरेकडून १५ नॉटचा वारा वाहतो आहे. वैमानिकाने नाक २५९ वरच ठेवले तर वारा त्याला सारखा दक्षिणेकडे ढकलील आणि पंचवीस मिनिटांनी खाली शिवणीऐवजी बार्शीटाकळीचा परिसर दिसेल! पूर आलेली नदी पोहून जाणारा जसा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून पोहतो, तसेच येथे करावे लागते. ९० ला १५ ने छेद देणारा त्रिकोण काढला की कोन येतो साडेनऊ अंश. म्हणून नाक २६९ वर, म्हणजे जवळजवळ थेट पश्चिमेला ठेवायचे. नाकाच्या या दिशेला हेडिंग म्हणतात, वाऱ्याने होणाऱ्या सरकण्याला ड्रिफ्ट.

अर्ध्या वाटेवर, तेराव्या मिनिटाच्या सुमारास, मूर्तिजापूर यावे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे जंक्शन. येथूनच शकुंतला एकीकडे अचलपूरला, दुसरीकडे यवतमाळला जात असे. गाव किंचित डावीकडे दिसले तर वाट बरोबर. उजवीकडे दिसले तर वाऱ्याने आपल्याला ढकलले आहे, हे ओळखून लगेच दुरुस्ती करायची. ढोबळ नियम असा की साठ मैलांत एक मैल सरकले तर चूक एका अंशाची.

आता उपग्रह सारे सांगतात, मग हे कशाला, असे कोणी विचारील. पण उपग्रहाचा संदेश बंद पडू शकतो, त्यात अडथळा आणता येतो, आणि व्यावसायिक वैमानिकाच्या परीक्षेत एअर नॅव्हिगेशनची उत्तरपत्रिका आजही द्यावी लागते. बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेथेच ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. या शिक्षणाचा खर्च फार मोठा आहे, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. कर्ज, शिष्यवृत्ती यांची चौकशी दहावीनंतरच सुरू करावी. पण पैशाच्या आधी त्रिकोणमिती लागते, आणि आठवी-नववीत “मुलाला गणित जमत नाही” म्हणून जो विषय आपण हलक्या हाताने सोडून देतो तो हाच.

विद्यार्थ्यांनी आता परतीचे गणित सोडवावे. शिवणीहून बेलोऱ्याला ट्रॅक ७९ अंश, विमान तेच, वारा तोच उत्तरेचा. हेडिंग किती? वारा या वेळी डाव्या अंगाने येईल, एवढे लक्षात ठेवा. उत्तर ६९ च्या आसपास यायला हवे.