रविवर्म्यांचा छापखाना : प्रत, उपजीविका आणि कर्तृत्व

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या तैलचित्रांना एक आणि शिळाछाप चित्रांना दुसरा न्याय लावण्याची प्रथा कलासमीक्षेत रूढ आहे. तैलचित्र ही ‘कला’ आणि छापील प्रत हा ‘बाजार’, असे हे द्वैत होय. चित्रकाराने पैशासाठी कलेशी तडजोड केली, हा निष्कर्ष त्यात गृहीतच असतो. त्याच्या प्रत्यक्ष अर्थव्यवहाराकडे पाहता हे गृहीत टिकत नाही.

रविवर्म्यांची उपजीविका मुख्यतः संस्थानिक, अधिकारी व धनिक यांनी सांगितलेल्या चित्रांवर चालत असे. सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी रामायण-महाभारतातील १४ प्रसंग रंगविले. ते काम १८९० मध्ये पूर्ण झाले. परंतु राजवाड्यात गेलेले चित्र सामान्य प्रेक्षकास दुर्लभ होई. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच यावर उपाय सुचविला होता : एकट्याच्या हातून मागणी पुरी होणे नाही, तेव्हा निवडक चित्रांचे ओलिओग्राफ युरोपातून करवून घ्यावेत.

रविवर्म्यांनी त्यापुढे जाऊन १८९४ मध्ये गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत मुंबईत छापखानाच काढला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आले. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे आणि मूळ चित्र शिळेवर उतरविणारा हात कारागिराचा असे. म्हणजे प्रतीच्या गुणवत्तेवरील चित्रकाराचा ताबा पहिल्याच टप्प्यावर सैल होत होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. कर्ज वाढत गेले आणि नव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. चित्रे छापण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले. रविवर्मा मात्र दरबारी कामे करीतच राहिले. म्हैसूर दरबारची चित्रे ही त्यांच्या अखेरच्या वर्षांतील होत. स्वस्त प्रतीने चित्रकाराला पोसले, असे म्हणण्यास येथे आधार नाही.

वॉल्टर बेन्यामिन याने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे प्रभावलय क्षीण होते आणि उपासनामूल्याची जागा प्रदर्शनमूल्य घेते, अशी मांडणी केली. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीची वाटचाल याच्या उलट आहे. दरबारातील प्रदर्शनीय चित्र छापील होऊन देवघरात गेले. त्यास चौकट, हार, गंध मिळाले, क्वचित जरी-टिकल्याही चिकटविल्या गेल्या. पूजेने प्रत्येक प्रतीस स्वतंत्र प्रभावलय दिले. म्हणून बेन्यामिनचा सिद्धान्त येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

मग यांत्रिकीकरणाने हिरावले काय? चित्राचे पावित्र्य नव्हे, तर चित्रकाराचे कर्तृत्व. विक्रीनंतरही छापखान्याचे नाव रविवर्म्यांचेच राहिले. इतर चित्रकारांची कामेही तेथून निघाली, आणि व्यक्तिनाम व्यापारचिन्ह बनले. पुढील काळातील देवदेवतांच्या असंख्य सुमार चित्रांची जबाबदारीही त्याच नावावर पडली. कला आणि बाजार या द्वैतात अडकलेल्या समीक्षेने या विस्थापनाची दखल घेतलेली नाही. प्रत हलकी की मूळ श्रेष्ठ, यापेक्षा शिळा कोणाच्या मालकीची होती आणि तिच्यावर काय उमटावे हे कोण ठरवीत होते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.