मॅचर आले कुठून? नापास टेस्टचा छोटा इतिहास

प्रबंधासाठी कोड लिहिताय म्हणजे युनिट टेस्टही लिहिणार. पण टेस्ट नापास झाली की स्क्रीनवर नेमकं काय दिसतं, हे कधी नीट पाहिलंय का? मॅचरचा इतिहास मला वाटतं तिथूनच वाचायला हवा.

१९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच जेयुनिट लिहायला घेतलं. (बेकनं स्मॉलटॉकसाठी एसयुनिट आधीच केलेलं होतं.) त्यात असर्शन मोजकीच: असर्टईक्वल्स, असर्टट्रू वगैरे. आता समजा, साफ केलेल्या नोंदींच्या यादीत ४२ हा आकडा असायलाच हवा. तुम्ही असर्टट्रू वापरून तपासलंत आणि टेस्ट पडली. कळतं काय? कुठल्या ओळीवर पडली, एवढंच. यादी रिकामी होती की ४२ च्या जागी ‘४२’ अशी अक्षरं होती, काही पत्ता नाही. कारण असर्टट्रूपर्यंत फक्त खरं किंवा खोटं पोचतं, यादी वाटेतच गळून जाते.

यावरचा उपाय आला तो मॉक ऑब्जेक्टवाल्यांकडून. मॉकला आधी सांगून ठेवावं लागतं की अमुक मेथड अमुक आर्ग्युमेंट घेऊन बोलावली जाईल. नेमकं मूल्य दर वेळी ठाऊक नसतं, म्हणून जेमॉकमध्ये अटीच स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून लिहायचे. २००५ मध्ये जो वॉल्न्स यांनी त्या अटी मॉकबाहेर काढून साध्या असर्शनला जोडल्या, तेच असर्टदॅट. पुढे त्याची वेगळी लायब्ररी झाली: हॅमक्रेस्ट. मॅचर्स या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की हेच नाव बनतं!

मॅचरकडे दोन कामं असतात, तपासणं आणि स्वतःचं वर्णन करणं. त्यामुळे टेस्ट पडली की अपेक्षा काय होती आणि हाती काय आलं, दोन्ही छापलं जातं. ‘वाक्यासारखं वाचता येतं’ हे कौतुक बहुतेक ट्युटोरियलमध्ये सापडेल, पण माझ्या मते तो वरचा फायदा. खरी कमाई दुसरं काम.

२००७ मध्ये जेयुनिट ४.४ नं असर्टदॅट आत घेतलं. २०१७ च्या जेयुनिट ५ मध्ये मात्र ते नाही. हॅमक्रेस्ट, असर्टजे, ट्रुथ यांपैकी हवी ती लायब्ररी तुम्हीच निवडायची. असर्टजेमध्ये टिंब दिलं की एडिटर पुढचे पर्याय दाखवतो, मॅचरची नावं पाठ करावी लागत नाहीत. तुमच्या लॅबच्या जुन्या कोडमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसल्या, तर त्यामागे ही दहा वर्षं आहेत.