स्पोर्ट्स कूपे की अस्सल स्पोर्ट्स कार : दैनंदिन वापराच्या निकषांवर तुलना

शहपुरा (जि. जबलपूर) : दोन दरवाजे, मागे उतरत जाणारे छत आणि जोमदार इंजिन या खुणांवरून स्पोर्ट्स कूपे आणि स्पोर्ट्स कार एकाच पंक्तीत बसविल्या जातात. प्रत्यक्षात दोहोंची रचना भिन्न हेतूंनी झालेली असते. जबलपूर-भोपाळ महामार्गावरील शहपुऱ्यासारख्या गावातून रोज शहरात ये-जा करणाऱ्या आणि घरात एकच मोटार ठेवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद खर्चाशी व सुरक्षिततेशी निगडित आहे.

संज्ञांचा अर्थ

'कूपे' हा शब्द 'कापणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. पक्के छत, बहुधा दोन दरवाजे, पुढे दोन प्रशस्त आणि मागे दोन आखूड आसने ही तिची सर्वसाधारण मांडणी. अनेक स्पोर्ट्स कूपे नेहमीच्या सेडान मोटारींच्या सांगाड्यावर बेतलेल्या असतात. त्यामुळे त्यांत सामानाला जागा राहते आणि निलंबनही तुलनेने मवाळ असते. अस्सल स्पोर्ट्स कार मात्र आरंभापासून चालनासाठीच आखली जाते. कमी वजन, जमिनीलगतचा गुरुत्वमध्य, बहुधा दोनच आसने आणि काही वेळा आसनांमागे बसविलेले इंजिन ही तिची लक्षणे होत. भारतात परवाना व नोंदणीच्या दृष्टीने मात्र दोन्ही हलकी मोटार वाहनेच ठरतात.

देशी प्रयोग

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी मोटार तयार झाली. तिला फायबरग्लासची काया आणि रेनॉ कंपनीचे सुमारे १.२ लिटरचे छोटे इंजिन होते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनची 'अवंती' २०१२ च्या दिल्ली वाहन प्रदर्शनात सादर झाली. पुणे परिसरात तयार झालेल्या या मोटारीत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आसनांमागे होते, तर जमिनीपासूनची उंची भारतीय रस्त्यांचा विचार करून १७० मिलिमीटर ठेवली होती. दोन्ही वाहने मोठ्या संख्येने रस्त्यावर दिसली नाहीत. कूपेच्या बाजूने पाहता, २०१६ मध्ये भारतात आलेली फोर्ड मस्टँग हे ठळक उदाहरण. तिच्यात चार आसने होती आणि जमिनीपासूनची उंची सुमारे १३७ मिलिमीटर होती.

गतिरोधकाचे गणित

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. दोन्ही चाकजोड्या त्यावर असताना, चाकांमधील अंतर २.४५ मीटर असलेल्या स्पोर्ट्स कारखाली कमान सुमारे ४४ मिलिमीटर वर येते, २.७२ मीटर अंतराच्या मस्टँगखाली सुमारे ५४ मिलिमीटर. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक दोन्ही मोटारी सावकाश ओलांडू शकतात. खरी अडचण अरुंद आणि उभट गतिरोधकांची आहे. दोन चाकांच्या मधोमध तो आला की त्याची पूर्ण उंची वाहनाच्या तळाला सामोरी येते. १२ सेंटिमीटरच्या अशा उंचवट्यावर १३७ मिलिमीटरच्या मोटारीखाली १७ मिलिमीटर उरतात, तर ११० मिलिमीटरच्या स्पोर्ट्स कारचा तळ घासतोच. पुढच्या बाजूस लांब निघालेले बंपर त्याआधीच टेकू शकते. आखूड बाजूभिंतीच्या टायरांना खड्ड्यांचा आणि बुटक्या मोटारीच्या इंजिनाला पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचा धोकाही अधिक असतो.

वेग आणि खर्च

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गावर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर १०० आणि पालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर आहे. राज्ये ती याहून कमी करू शकतात. साहजिकच स्पोर्ट्स कारच्या क्षमतेचा मोठा भाग दैनंदिन प्रवासात वापरताच येत नाही. करातही सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून, चार मीटरपेक्षा लांब किंवा १,२०० घनसेंटिमीटरहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. जुनी आयात मोटार घेताना ती २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला अनुकूल आहे किंवा नाही, हे उत्पादकाच्या पुस्तिकेतून तपासणे आवश्यक ठरते. अधिकृत दुरुस्ती केंद्र दूरच्या महानगरात असल्यास वाहून नेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

निष्कर्ष

घरात दुसरी मोटार असेल, प्रवास प्रामुख्याने एकट्याचा असेल आणि मार्ग चांगला असेल, तर अस्सल स्पोर्ट्स कारचा आनंद घेता येतो. एकाच मोटारीत शाळा, बाजार आणि महामार्ग सांभाळायचा असल्यास कूपे अधिक व्यवहार्य आहे. तथापि तिचीही मागील आसने मुलांपुरतीच सोयीची असतात. खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या दालनासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, तर स्वतःच्या रोजच्या मार्गावर, सर्व आसने भरून चाचणी घेणे श्रेयस्कर. वजन वाढले की मोटार खाली बसते आणि कागदावरील उंची प्रत्यक्षात आणखी घटते.