तराफ्यासाठीं किनाऱ्याचा शोध

उथळ समुद्रांत तराफा कोठें लोटावा वा लावावा, हें केवळ पाण्याच्या खोलीवरून ठरत नाहीं. खालची भूमि भार पेलील काय, हाच मुख्य प्रश्न होय. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यासंबंधीं दोस्त सैन्यास तोच प्रश्न पडला. सपाट तळाच्या नौकांतून व पोकळ लोखंडी पेट्या जोडून केलेल्या तराफ्यांवरून जड गाड्या उतरावयाच्या होत्या. वाळूखालीं मऊ चिकणमाती असती, तर त्या तेथेंच रुतल्या असत्या आणि सैनिक उघड्यावर मारले गेले असते.

म्हणून ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्रीं मेजर लोगन स्कॉट-बाउडन व सार्जंट ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे थंड पाण्यांतून पोहत शत्रूच्या किनाऱ्यास गेले. पहारेकऱ्यांची दृष्टि चुकवून त्यांनीं गिरमिटानें वाळूचे नमुने काढले व नळ्यांत भरून परत आणले. ६ जून १९४४ रोजीं सैन्य उतरलें, तेव्हां मऊ जागीं जाड कापडी पट्टा अंथरणारे रणगाडेहि सिद्ध होते.

समुद्रावर पोट भरणाऱ्या आमच्या बांधवांस यांत नवल वाटणार नाहीं. ओहोटीस तळ चाचपावा, मगच होडी लोटावी. त्या मूठभर वाळूसाठीं दोघांनीं प्राण पणास लावले, हें मात्र आम्ही विसरूं नये.