कोयनेचे देणे

"पाककृती आणि प्रवासवर्णने पुष्कळ झाली, यंदा स्मरणिकेसाठी काही माहितीचे लिहा," असे चिटणीसबाईंनी हक्काने सांगितले, तेव्हा विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाशिष्ठी दिसते. ऐन वैशाखात, आसपासच्या वाड्यांवरच्या बायका हंडे-कळशा घेऊन डोंगर चढत-उतरत असतात, तेव्हाही आपल्या चिपळूणच्या या नदीला वाहते पाणी असते. भगिनींनो, हे पाणी मुळात आपले नव्हे. ते घाटावरच्या कोयनेचे आहे. कऱ्हाडला कृष्णेच्या भेटीस निघालेले हे पाणी माणसाने वाटेत अडवले, डोंगर पोखरून कोकणात उतरवले आणि जाता जाता त्याच्याकडून वीज करून घेतली. आपण रोज बटण दाबतो. ते कोणाच्या जिवावर, याचा हिशेब घरातल्या बाईने एकदा तरी मांडावा, म्हणून हा लेख.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीच्या बहुतेक नद्या एक तर पूर्वेला जातात, नाही तर पश्चिमेला. कोयना मात्र डोंगराच्या अगदी कडेकडेने साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेकडे चालते. हेळवाकजवळ ती एकाएकी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या दरीत वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आणि गंमत अशी की, नदीपासून थोडेसे पश्चिमेला सरकले की डोंगराचा कडा तुटतो आणि खाली सुमारे पावणेपाचशे मीटरांवर कोकण दिसते. वर एवढे पाणी आणि शेजारीच एवढी उंची! विजेसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच टाटांच्या मंडळींची नजर या जागेवर गेली होती. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत तो बेत मागे पडला. स्वातंत्र्यानंतर सरकारने तो हाती घेतला आणि १९५४ साली प्रकल्पाच्या कामाला आरंभ झाला.

कोयनानगरजवळ बांधलेले हे धरण पायापासून सुमारे १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०८ मीटर लांब आहे. ते रबल काँक्रीटचे आहे, म्हणजे काँक्रीटच्या थरांत मोठमोठे दगड बसवीत ते वर आणले. दगड सह्याद्रीचाच, त्यामुळे तेवढे सिमेंट वाचले. असे धरण पाण्याला अडवते ते निव्वळ आपल्या वजनावर. जड पाटा जसा वाटताना जागचा हलत नाही, तसेच हे. धरणामागे जो जलाशय झाला, त्याला शिवाजीसागर म्हणतात. त्याची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर, आणि आज त्यात १०५ टीएमसीच्या वर पाणी मावते. वर्तमानपत्रात पावसाळाभर आपण हा शब्द वाचतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.

वीज मात्र मुख्यतः धरणापाशी होत नाही. नवजा येथे जलाशयातून पाणी बोगद्यात शिरते आणि डोंगराच्या पोटातून पावणेचार किलोमीटरांच्या सुमारास पश्चिमेला येते. तेथे एक खोल विहीर आहे. चालू नळ एकदम बंद केला की पाइप कसा धडधडतो, ते आपल्याला ठाऊक आहे. यंत्रे अचानक थांबली तर बोगद्यातल्या पाण्याचा तसाच धक्का बसेल. तो या विहिरीत जिरतो, पाणी वर चढते आणि निवते. तेथून पोलादी अस्तराच्या तिरक्या वाटांनी पाणी खाली झेपावते ते पोफळीच्या वीजगृहात. हे वीजगृह डोंगर आतून कोरून केले आहे. तेथील चाकांना कडेने वाट्या लावलेल्या असतात. बारीक तोंडातून सुटलेला पाण्याचा झोत या वाट्यांवर आदळतो, चाक गरगर फिरते आणि त्याच्याबरोबर जनित्र फिरते. या चाकाला पेल्टन चाक म्हणतात. पोफळीचे पहिले जनित्र १९६२ मध्ये फिरले आणि दुसरा टप्पा १९६७ पर्यंत पुरा झाला.

काटकसर म्हणाल तर तीही येथे आहे. पोफळीहून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवतात आणि आणखी सुमारे शंभर मीटर खाली टाकून अलोऱ्याच्या यंत्रांवर दुसऱ्यांदा वीज काढतात. हा तिसरा टप्पा १९७५ नंतर सुरू झाला. तिथून ते पाणी वाशिष्ठीत येते.

चौथ्या टप्प्याची गोष्ट तर एखाद्या नवलकथेसारखी आहे. भरलेल्या जलाशयातून नवी वाट काढायची होती, आणि तलाव रिकामा करणे तर शक्य नव्हते. तेव्हा खालून बोगदा खणत खणत थेट तलावाच्या तळाशी नेला. वर पाणी आणि खाली बोगदा, यांच्यामध्ये खडकाचे एक बूच तेवढे ठेवले. १३ मार्च १९९९ रोजी ते बूच सुरुंगाने उडवले. फुटलेला दगड पडावा म्हणून खाली आधीच खड्डा करून ठेवला होता. तळ्याला तळातून भोक पाडण्याचे हे काम आशियात प्रथमच येथे झाले. २०१२ मध्ये तसेच आणखी एकदा केले. एकट्या चौथ्या टप्प्याची शक्ती १००० मेगावॅट आहे, आणि सारे टप्पे मिळून सुमारे १९६० मेगावॅट. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात. कोळशाची भट्टी तापायला कित्येक तास लागतात, पाण्याचे चाक काही मिनिटांत फिरते. म्हणून दिवेलागणीच्या वेळी महाराष्ट्राला कोयनेची आठवण होते.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची.

११ डिसेंबर १९६७ची पहाट मला लख्ख आठवते. मी तेव्हा बारा वर्षांची होते. ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन गुरगुरली, फडताळातली भांडी धडाधड खाली आली, आणि आईने आम्हा भावंडांना दंडाला धरून अंगणात ओढले. उजाडेपर्यंत आवई उठली, धरण फुटले! वडील शाळामास्तर होते. त्यांनी धीर दिला, "घाबरू नका. धरण फुटले तरी नदीचे पाणी कऱ्हाडकडे जाईल, आपल्याकडे नाही." आई थंडीने कुडकुडत होती, तरी पटकन म्हणाली, "मग कऱ्हाडच्या बायका काय आपल्या कोणी नाहीत?" वडील गप्प झाले. पुढे आठवडाभर आम्ही अंगणात मांडवाखाली निजलो.

धरण फुटले नव्हते. पण त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली किंवा मोडकळली, आणि मुंबईपर्यंतचा वीजपुरवठा खंडित झाला. दख्खनचा हा खडक स्थिर, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तोवर जाणत्यांचीही समजूत होती. मात्र जलाशय भरू लागल्यापासून, म्हणजे १९६२ पासूनच, लहान धक्के जाणवत होते. १९६३ मध्ये ते मोजण्याची यंत्रेही बसवली होती. डिसेंबरचा धक्का ६.३ रिश्टरच्या घरातला होता. खालच्या खडकात आधीच ताण साठलेला असेल, तर जलाशयाच्या भाराने आणि भेगांतून मुरलेल्या पाण्याने भूकंपाला निमित्त मिळू शकते. जगभरचे शास्त्रज्ञ याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचे नाव घेतात. २०१७ मध्ये याच अभ्यासासाठी गोठणे गावी जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले.

धरणालाही त्या पहाटे आडव्या भेगा पडल्या. त्या कोठे पडल्या, हे बघण्यासारखे आहे. खाली रुंद असलेली भिंत वर जाताना जेथे एकदम निमुळती होते, तेथेच. बांगडी बारीक असते तेथेच पिचकते ना, तसे. इंजिनियरांनी भेगा भरल्या, तात्पुरत्या पोलादी तारांनी भिंत आवळली, आणि नंतर मागच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सांडव्याच्या भागाची मजबुती तर २००० नंतरच्या दशकात झाली. थोडक्यात, धरण बांधून झाले म्हणजे संपले असे नसते. संसारासारखेच ते रोज सांभाळावे लागते. २२ जुलै २०२१च्या पुरात ज्यांच्या घरात गळ्याइतके पाणी आले, त्या आपण बायकांना पाण्यावरच्या पहाऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण खर्चाच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम मला शाळेच्या पुस्तकात मिळाली नाही. ती मंडळाच्या सहलीत मिळाली. पंचवीसेक वर्षांपूर्वी आपण कोयनानगरला गेलो होतो, जुन्या सभासदांना आठवत असेल. आमच्याकडे भाकऱ्या करायला येणाऱ्या काकूंनाही मी हौसेने बरोबर घेतले होते. सगळ्या जणी बागेत फोटो काढण्यात दंग होत्या. काकू मात्र पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी हळदकुंकू काढले, एक नारळ काढला, खण काढला, आणि ओटी भरावी तसे ते सारे पाण्यात सोडले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "वैनी, माजं म्हायार हितंच खाली हाय."

लग्न होऊन त्या घाट उतरून आल्या, आणि पुढे तीन-चार वर्षांतच माहेरचे गाव उठले. आईबाप आणि भाऊ सोलापूरकडे गेले. नाचणी-वरीच्या डोंगरातली माणसे ज्वारीच्या सपाट काळ्या रानात! पाऊस नाही, झाड नाही, ओळखीचा देव नाही. पहिली नागपंचमी आली तेव्हा मूळ घेऊन कोणी आले नाही. येणार कोठून आणि नेणार कोठे? "दुसऱ्या बायका सासरी भांडल्या तर माहेरी जायची धमकी द्यायच्या," काकू हसत म्हणाल्या, "माज्याकडं धमकीबी उरली न्हाई."

मी घरी येऊन चौकशी केली, वाचले. कोयनेच्या पाण्यासाठी शंभराच्या आसपास गावांना झळ बसली आणि हजारो कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी जिल्हाजिल्ह्यांत पांगली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्यात झाला १९७६ साली. कोयनेची गावे त्याच्या कितीतरी आधी उठली होती. ज्यांनी सर्वांत आधी दिले, त्यांना सर्वांत कमी आधार मिळाला. २०१८ मध्येसुद्धा त्यांची मुले-नातवंडे जमिनीच्या मागणीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. म्हणजे साठ वर्षे होऊनही हिशेब पुरता झालेला नव्हता.

मी धरणाच्या विरुद्ध नाही. चिमणीच्या धुरात अभ्यास केलेली मुलगी आहे मी. विजेचा दिवा घरात आला त्या दिवशी आईने त्याला हात जोडले होते, तेही मी पाहिले आहे. गिरणी आली, जाते सुटले. पंप आला, रहाट सुटला. बायकांच्या खांद्यावरचे ओझे कोयनेने किती उतरवले, याची मोजदाद व्हायची नाही. पण एकीच्या खांद्यावरचे ओझे उतरले ते दुसरीच्या माहेरावर ठेवले गेले, हेही तितकेच खरे. घरात उसनवार आणले तर आपण ते वहीत लिहून ठेवतो. हे उसने कोणत्या वहीत लिहिले आहे?

काकू आता नाहीत. त्यांच्या गावाचे नाव त्यांनी मला सांगितले होते, पण त्या गावातल्या विहिरीचे, शेतांचे, देवळाचे नाव विचारायचे माझ्या हातून राहून गेले. त्याची रुखरुख मला आहे. म्हणून एक सूचना करते. आपल्या पंचक्रोशीत घाटावरून आलेल्या, माहेर पाण्याखाली गेलेल्या वृद्ध बायका अजून आहेत. यंदाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना अगत्याने बोलवावे, त्यांची ओटी भरावी, आणि त्यांच्या गावांची, वाड्यांची, विहिरींची नावे मंडळाच्या वहीत लिहून घ्यावीत. त्यात जमिनीची परतफेड नाही, हे मला कळते. पण देणे लागतो ही नोंद तरी आपल्या वहीत राहील.

वहीचे पहिले पान मी घालून ठेवले आहे. काकूंच्या गावाचे नाव त्यावर लिहिले आहे. पुढची पाने सभासद भगिनींनी भरावीत, ही विनंती.