यात्रेकरूंचे पाय आणि तंजावरची छत्रे

काशीची गंगा रामेश्वरास वाहावी आणि सेतूची वाळू घेऊन माघारी फिरावे, हा आपल्या पूर्वजांचा मोठा संकल्प. तो करी मन. पण तडीस नेत पाय. टाच दुखावली की महिनोन्महिन्यांची यात्रा वाटेतच खुंटे. या दुखऱ्या पायांची विचारपूस कोणी करीत असे काय? या प्रश्नाचे एक उत्तर तंजावरच्या मराठी राज्यात सापडते.

रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. सन 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. तेव्हा दुसऱ्या सरफोजी राजांनी 1801 साली रेसिडेंटास पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहावीत, असा आग्रह धरला. छत्रांत वाटसरूंना अन्न मिळते; जो आजारी पडेल त्यास औषध व पथ्याचा आहार देऊन, बरा होईतो त्याची आदराने शुश्रूषा होते; रोग, सूज आणि सर्पादिकांचे विष यांवर उपचार करणारे वैद्य तेथे नेमलेले असतात, असे त्यांनी त्यात कळविले.

पायी चालणाऱ्याच्या टाचेचे दुखणे आपल्या वैद्यकास जुनेच ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत त्यास 'वातकंटक' म्हटले आहे, आणि पाऊल वेडेवाकडे पडणे हे त्याचे कारण सांगितले आहे. तेलाचे मर्दन, शेक, लेप, रक्तमोक्षण, आणि दुखणे हटेना तर डाग, असे त्यावरील उपाय होत. सरफोजींच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचा शेजारी शेजारी अभ्यास चाले. तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत.

आजचे भौतिकोपचारतज्ज्ञ बहुतेक टाचदुखीचे मूळ तळव्याखालच्या चिवट पट्ट्यावर पडणाऱ्या ताणात पाहतात. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल म्हणूनच अधिक दुखते. पोटरी व तळवा नित्य ताणण्याचा व्यायाम, टाचेखाली मऊ आधार असलेले पादत्राण, चालण्या-उभे राहण्यात काही काळ संयम, एवढ्याने बहुतेकांस काही महिन्यांत आराम पडतो. उपाय बदलले, तरी पाऊल कसे पडते, चालणे किती होते, ही विचारपूस आजही पहिली आहे.

सन 1855 मध्ये कंपनीने तंजावरचे राजपद संपुष्टात आणले. परंतु सत्ता हातची गेल्यावरही ज्या राजाने अनोळखी वाटसरूच्या शुश्रूषेचा भार आपणाकडे मागून घेतला, त्याची थोरवी जिंकलेल्या मुलखाच्या मापाने मोजता येणार नाही.